सराफ्यातले स्त्रीधन आणि विद्यापीठातला स्त्री-अभ्यास

लष्करच्या सराफ्यातून संध्याकाळच्या वेळी एक फेरी मारली तर एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात यावी. दुकानांत सोने पाहायला, घडवायला, जुने मोडून नवे करायला आलेल्यांत बायकाच अधिक असतात. गादीवर, तिजोरीपाशी आणि वहीसमोर मात्र बहुधा पुरुष बसलेले दिसतात. ज्यांच्या हौसेवर आणि ज्यांच्या अडीअडचणींवर हा बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्यांच्या हाती त्याची वही कधी आली नाही. पाटल्या आईच्या, ठुशी आजीची, तन्मणी पणजीचा, असे आपण घरात सांगतो. परंतु त्या पाटल्या कोणत्या साली गहाण पडल्या, कोणाच्या शिक्षणासाठी की कोणाच्या कर्जापायी, पुढे त्या सोडवून आणल्या की आटवल्या, आणि त्या वेळी त्या बाईला कोणी विचारले होते का, हे विचारले तर घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. वहीत गहाणाची नोंद सापडलीच तर तिच्यात नाव असते यजमानांचे.

ही वही बाईच्या बाजूने वाचण्यासाठी विद्यापीठांत एक स्वतंत्र विद्याशाखा निघाली आहे, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल; पण थोडीच. तिला स्त्री-अभ्यास म्हणतात. अलीकडे तिच्या नावाला ‘लिंगभाव’ हा शब्द जोडला जातो, आणि तो ऐकून आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी दचकतात. दचकण्यासारखे त्यात काही नाही. देहाने स्त्री किंवा पुरुष असणे ही एक गोष्ट; बाईने कसे बसावे, पुरुषाने कशासाठी रडू नये, ह्याचे समाजाने लावलेले वळण ही दुसरी. ह्या दुसऱ्या गोष्टीला ते नाव आहे. ‘बायकांसारखा काय रडतोस’ असे नातवाला म्हणणारे आजोबा लिंगभावच शिकवीत असतात, तेही बिनपगारी. विद्यापीठातल्या प्राध्यापिकेला त्याचा पगार मिळतो, निदान मिळावा अशी अपेक्षा असते. तो मिळण्याची शाश्वती उरलेली नाही, आणि म्हणूनच ह्या विषयाकडे आज लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

ही विद्या कोणा परदेशी पंडिताच्या ग्रंथातून आपल्याकडे उतरली, असा एक समज आहे. वस्तुतः आपल्या देशात तिला चालना मिळाली ती एका सरकारी समितीच्या आकडेमोडीतून. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी 1971 साली केंद्र सरकारने एक समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. अहवाल 1974 साली आला. स्वातंत्र्य मिळाले, घटनेने समान हक्क दिले, मताचा अधिकार दिला, मुली शाळा-कॉलेजांत दिसू लागल्या. तेव्हा स्त्रियांचे बरे चालले असणार, अशी सर्वांचीच समजूत होती. समितीने जनगणनेचे आकडे एकापुढे एक मांडले. 1901 साली दर हजार पुरुषांमागे 972 स्त्रिया होत्या. 1971 साली 930. सत्तर वर्षांत दर हजारी बेचाळीस बायका कमी झाल्या होत्या, आणि त्याची दाद ना इतिहासाच्या प्राध्यापकाने घेतली होती, ना अर्थशास्त्राच्या. समितीतल्या विदुषींपैकी अनेकजणी स्वतः अध्यापनक्षेत्रातल्याच होत्या. आपण इतकी वर्षे जे शिकवले त्यात हे कुठेच नव्हते, ह्याचा धक्का त्यांना त्या आकड्यांइतकाच मोठा बसला. पुढचे सारे काम त्या धक्क्यातून निघाले.

त्याच 1974 साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात, म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 साली लावलेल्या झाडाच्या सावलीत, नीरा देसाई ह्यांनी स्त्रीविषयक संशोधनाचे केंद्र उभे केले. देशातले ते पहिले. आधुनिक भारतातल्या स्त्रीवरचा त्यांचा ग्रंथ 1957 सालीच प्रसिद्ध झाला होता. पण अशा ग्रंथाला विद्यापीठात घर मिळायला सतरा वर्षे जावी लागली. 1981 साली ह्याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि पुढच्या वर्षी ह्या अभ्यासकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. 1986 च्या शैक्षणिक धोरणाने विषयाला मान्यता दिल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणी केंद्रे काढण्यास पैसे दिले. पुणे विद्यापीठातले केंद्र 1987 चे. आज ते सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने ओळखले जाते.

एवढा इतिहास पुरे. प्रश्न असा की, ह्या मंडळींनी केले काय? ते सांगायला एकच उदाहरण पुरेसे व्हावे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध 1882 साली पुण्यात छापला गेला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, पुढे ती कमी करण्यात आली. त्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालीरीतींवर जी चिखलफेक झाली, तिला ताराबाईंनी दिलेले हे उत्तर. मराठी गद्याचे इतिहास त्यानंतर कितीतरी लिहिले गेले. त्यांत निबंधकारांची मोठी मालिका आहे; तीत ताराबाई नाहीत. स. गं. मालशे ह्यांनी तो निबंध 1975 साली पुन्हा छापला, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी. पुस्तक कोणी जाळले नव्हते, लपवले नव्हते. ते वाचण्याचे कोणाला कारण वाटले नव्हते, इतकेच. मालशे हे काही स्त्री-अभ्यासाचे प्राध्यापक नव्हेत, जुन्या वाङ्‌मयाचे चिकित्सक संशोधक. पण त्यांनी शोधलेल्या पुस्तकाला वाचक मिळाले, त्याच्यावर प्रबंध झाले, इंग्रजीत भाषांतर झाले, ते ह्या नव्या विद्याशाखेमुळे.

आता हेच आपल्या ग्वाल्हेरीच्या दारात आणून पाहू. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला असतो. चिंतामणराव वैद्यांनी तो 1907 साली प्रसिद्ध केला. आपण तो कशासाठी वाचतो? झाशीच्या राणीसाठी, सत्तावन्नच्या धामधुमीसाठी. परंतु वरसईचा हा गरीब भिक्षुक घरदार सोडून उत्तरेकडे निघाला कशासाठी? ग्वाल्हेरच्या बायजाबाईसाहेब शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळणार आहे, असे त्याच्या कानावर आले म्हणून. मराठीतल्या एका अजोड प्रवासवृत्ताचा उगम एका बाईच्या पैशात आहे. तो पैसा तिच्याजवळ आला कोठून, ती तो राखत कशी होती, त्याच्यावर हक्क कोणाचा होता, हे शंभर वर्षांत कोणी फारसे विचारले नाही. आपण दक्षिणा मोजली, तिजोरी पाहिली नाही.

बायजाबाई ह्या कागलच्या सखारामराव सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. 1798 साली दौलतराव शिंद्यांशी पुण्यात त्यांचे लग्न झाले. 1827 साली दौलतराव वारले. पोटी पुत्र नव्हता. बाईंनी जनकोजीरावांना दत्तक घेतले आणि 1833 पर्यंत राज्य स्वतः चालवले. त्या वर्षी फौजेने दत्तक पुत्राची बाजू घेतली व बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या परतल्या आणि 1863 साली वारल्या. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतून त्यांचे जे चित्र उभे राहते, ते लोभी आणि कारस्थानी बाईचे. आपल्या इतिहासकारांनी पुष्कळदा तेच चित्र थोडे सौम्य करून वापरले. पुरुष संस्थानिकाने खजिना राखला की तो दूरदर्शी ठरतो. ग्वाल्हेरच्या राजांची गंगाजळी तर आपण अभिमानाने सांगतो. बाईने तेच केले की तो लोभ! त्या सावकारी जाणत होत्या, पेढ्यांशी त्यांचा व्यवहार होता, आणि हद्दपारीच्या काळात काशीला असलेल्या त्यांच्या द्रव्यावर कंपनी सरकारने हात ठेवला तेव्हा वाद उभा राहिला तो नेमका हाच, की हे द्रव्य बाईंचे खाजगी की ग्वाल्हेरच्या दौलतीचे? सराफ्यातल्या कोणत्याही सुनेला हा वाद ओळखीचा वाटेल. माहेरचे किती, सासरचे किती, नवऱ्याने हौसेने दिलेले कोणाचे, हाच तो प्रश्न. फक्त रकमा मोठ्या.

अमर फारुकी ह्यांचा शिंदे आणि इंग्रज सत्ता ह्यांच्या संबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ 2011 साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात बायजाबाईंना राज्यकर्ती आणि धनको म्हणून जागा मिळाली आहे. फारुकी हे राज्यांच्या अर्थकारणाचे इतिहासकार. मुद्दा असा की, एकदा विद्यापीठांत हे प्रश्न विचारले जाऊ लागले की ते एका खोलीत कोंडून राहत नाहीत. शेजारच्या विभागातला मनुष्यही ते विचारू लागतो.

ह्याच बाईंची आणखी एक हकिकत आहे. फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई 1835 साली फत्तेगढच्या छावणीत त्यांना भेटली. पार्क्सबाईंचे प्रवासवर्णन 1850 साली लंडनला छापले गेले. मराठ्यांच्या बायका घोड्यावर पुरुषांसारख्या मांड टाकून बसतात हे पाहून ही बाई चकित झाली, आणि इंग्रज बायका दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसतात हे पाहून आपल्या बायकांना हसू आवरले नाही. पण त्याहून मोलाचे संभाषण आहे ते कायद्याचे. विधवेच्या वाट्याला इकडे काय येते ते बाईंनी सांगितले; लग्न झालेल्या बाईचे इंग्लंडच्या कायद्यात काय होते ते पार्क्सबाईंनी सांगितले. तिकडे विवाहितेची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होत असे, आणि ती स्थिती पुरती बदलायला 1882 साल उजाडले. (ताराबाईंच्या निबंधाचेही तेच साल. योगायोगच, पण लक्षात राहतो.) राज्य गमावलेली एक मराठा राणी आणि नवऱ्याच्या परवानगीने हिंडणारी एक इंग्रज मडम, दोघी छावणीत बसून आपापल्या देशांतल्या बायकांच्या हक्कांची तुलना करीत आहेत! स्त्री-अभ्यासाचा वर्ग आणखी वेगळा काय असतो? हजेरीपट नव्हता, एवढेच.

स्त्रीधनाच्या बाबतीत आपल्या शास्त्रकारांनी कंजुषी केली असेही सरसकट म्हणता येत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरेत विज्ञानेश्वराने स्त्रीधनाची व्याख्या चांगली ऐसपैस केली आहे. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची चर्चा सविस्तर सापडते. पुढे न्यायालयांनी आणि घरोघरच्या व्यवहाराने ती आखडत नेली. गो. वि. देशमुखांच्या खटपटीने 1937 साली विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत वाटा मिळाला, पण तहहयातीपुरता. 1956 च्या वारसा कायद्याने बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची ठरवली. लग्नात दिलेले स्त्रीधन सासरच्यांकडे केवळ ठेव म्हणून असते, ते तिचेच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली दिला. 2005 साली मुलगी एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने भागीदार झाली. कायदा इतका पुढे आला. पण भावाने आणलेल्या हक्कसोडपत्रावर बहिणीने सही करायची आणि माहेरपणाची साडी घेऊन परत जायचे, हा रिवाज कितपत मागे हटला, हे कायद्याच्या पुस्तकात सापडायचे नाही. ते घरोघर जाऊन विचारावे लागते. आणि विचारायलाही शिकावे लागते, कारण अशा प्रश्नाला बाई पहिल्या दिवशी खरे उत्तर देत नाही. दिवाणखान्यात तर नाहीच.

मोजण्याचे असे आणखी एक काम ह्या अभ्यासकांच्या चिकाटीमुळे झाले. बायकांच्या घरकामाला जनगणनेत ‘काम’ म्हणत नाहीत. दिवसाचे तास कशात जातात ह्याची पहिली प्रायोगिक पाहणी 1998-99 साली सहा राज्यांत झाली आणि त्यांत आपला मध्य प्रदेश होता. 2024 च्या देशव्यापी पाहणीत असे दिसले की, घरकाम करणारी बाई त्यात दिवसाची सरासरी 289 मिनिटे घालवते. जो पुरुष घरकामाला हात लावतो, तो 88 मिनिटे. आणि मुळात हात लावणारे पुरुष थोडेच. सुमारे पाच तासांचे हे काम देशाच्या उत्पन्नात कुठेच धरलेले नाही. कोणी म्हणेल, आईच्या मायेला किंमत लावायची का? मायेला नको, दळण, धुणे, पाणी आणि स्वैपाक ह्यांना लावायची.

सगळ्यांत गंभीर गोष्ट मात्र आपल्या परिसराचीच आहे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मध्य प्रदेशात 918 मुली होत्या. मुरैना जिल्ह्यात 829. सबंध राज्यात ते प्रमाण सर्वांत कमी. ग्वाल्हेर आणि भिंड हे जिल्हेही त्याच ओळीत मागोमाग बसलेले. चंबळच्या दऱ्यांतली ही जुनी रीत, आपल्याकडच्या मराठी घरांशी तिचा संबंध काय, असे आपण सहज म्हणतो. पण तपासणीचे यंत्र दऱ्यांत नसते, ते शहरात असते; आणि ‘एक मुलगा हवा’ ही इच्छा कोणत्याही एका भाषेत बोलली जात नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्या आकड्याने ह्या विद्येला जन्म दिला, तोच आकडा आपल्या जिल्ह्यांत सर्वांत भेसूर दिसतो. राणी लक्ष्मीबाईंची समाधी जिथे आहे आणि दर जूनमध्ये तिथे मोठा मेळा भरतो, त्याच गावाची ही गोष्ट. जिवाजी विद्यापीठाला 1964 पासूनचा इतिहास आहे, कमलाराजा कन्या महाविद्यालयातून मुलींच्या कितीतरी पिढ्या शिकून गेल्या. ह्या विषयाला ग्वाल्हेरीइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही.

इथे पुण्याच्या केंद्रातल्या कामाविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्यासारख्या जुन्या घरांना ते थोडे बोचते. विद्युत भागवतांनी तिथे स्त्री-प्रश्नाचा विचार मराठीतून मांडण्याचा पायंडा पाडला. त्यांच्यानंतर शर्मिला रेगे (1964–2013) ह्यांनी एक अवघड प्रश्न पुढे ठेवला: तुम्ही ‘स्त्री’ म्हणता ती कोणती? 2006 साली त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे अशांच्या लेखनाकडे दुःखाच्या कहाण्या म्हणून न पाहता इतिहासाचे पुरावे म्हणून पाहावे, असा त्यांचा आग्रह. पावडेबाई संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या. ते शिकताना आणि शिकवण्याची नोकरी मागताना त्यांना जे सोसावे लागले, ते संस्कृतचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक घराने एकदा वाचावे. खेड्यांतून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलामुलींना हा विषय इंग्रजीच्या दडपणाशिवाय कसा शिकवावा, ह्यासाठी रेगेबाईंनी अनुवाद, वाचनसाहित्य, गटचर्चा असे अपार कष्ट घेतले. अध्यापनाचा हा भाग संशोधनाच्या यादीत मोजला जात नाही. माझ्या मते तोच त्यांचा थोर भाग होता.

आपल्या सराफ्याच्या भाषेत सांगायचे तर, दुकानासमोरची माती आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी, ज्यांना इकडे न्यारिये म्हणतात, त्यांच्या बायकाही ह्या बाजाराच्या इतिहासात आहेत. पैठणी नेसून दुकानाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईचे नाव जर वहीत नसेल, तर त्यांचे कुठे असणार? वाड्याच्या मागल्या दाराने येणारी धुणेवाली आणि बाळंतपणाला धावणारी दाई ह्यांच्याबद्दल आपल्या घरांतल्या आठवणींत फार तर एखादे वाक्य असते.

असे हे काम. आता त्याच्या पोटापाण्याचे. आयोगाची ही केंद्रे पंचवार्षिक योजनांच्या पैशावर उभी राहिली. एक योजना संपली की दुसरीत नाव येईल की नाही, ह्या काळजीत दर पाचव्या वर्षाचा शेवट जायचा. बारावी योजना 2017 साली संपली आणि योजनांची पद्धतच बंद झाली. तेव्हा केंद्रांना पुढे पैसे मिळणार की नाहीत, ह्याविषयी देशभर चिंता पसरली, निवेदने गेली, मुदतवाढी आल्या. अशा मुदतवाढीवर शिकवणारी बाई पाच वर्षांचे संशोधन हाती घेईल कशी? ही अनिश्चितता एकट्या ह्या विषयापुरती नाही. जून 2024 मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, एका न्यासाच्या निधीवर काम करणाऱ्या अध्यापक व इतर मिळून शंभरावर लोकांना सेवा संपल्याच्या नोटिसा मिळाल्या. गवगवा झाल्यावर त्या दोन-तीन दिवसांत मागे घेतल्या गेल्या. नोटीस मागे घेता येते. ती मिळालेल्या माणसाची रात्र कशी मागे घेणार? सामाजिक विद्यांच्या अध्यापकांची आजची अवस्था ही अशी आहे, आणि त्यांच्यातही जो विषय सर्वांत शेवटी आला, त्याला उठवणे सर्वांत सोपे.

पण दोष सगळा सरकारचा नव्हे. काही केंद्रांची धाव आठ मार्चच्या व्याख्यानापलीकडे जात नाही. कोणाच्या तरी हस्ते दीपप्रज्वलन, एक प्रश्नमंजूषा, आणि रांगोळी स्पर्धा! रांगोळी स्पर्धेला विरोध नाही; पण तिच्यासाठी विद्यापीठ लागत नाही. काही ठिकाणी इतर विभागातल्या अध्यापकावर हा भार जोडकाम म्हणून टाकलेला असतो. जे चांगले संशोधन होते, त्यातले पुष्कळसे इंग्रजीत छापले जाते, महागड्या ग्रंथांत बंद होते, आणि ज्यांच्या आयुष्याविषयी ते लिहिले त्यांच्या नातीच्याही हाती पडत नाही. मुंबईत ‘स्पॅरो’ ह्या नावाने 1988 पासून स्त्रियांचे आवाज, चित्रे आणि कागद जपण्याचे काम चालले आहे. नीरा देसाई त्याच्या संस्थापकांत होत्या. असे संग्रह गावोगाव निघायला हवे होते.

आपल्या घरांतली मंडळी ह्यावर दोन गोष्टी म्हणतात. एक, आमच्याकडे बायकांचा मान नेहमीच राखला गेला. दुसरी, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला? पहिली गोष्ट खरी असेल तर कागद दाखवायला हरकत नसावी. मान राखल्याचाच पुरावा मिळेल. दुसरी अधिक प्रामाणिक आहे आणि तिला उत्तरही प्रामाणिक दिले पाहिजे. होय, त्या कागदांत अवघड गोष्टी निघतील. पंधराव्या वर्षी विधवा झालेल्या आत्याला मिळालेल्या पोटगीची रक्कम निघेल. तिचे दागिने कोणत्या महिन्यात कोणाच्या लग्नात दुसऱ्या सुनेच्या अंगावर गेले तेही निघेल. पण नावे झाकून अभ्यास करण्याची रीत ह्या विद्येत रुळलेली आहे, आणि जे झाकायचे ते काय, हे घराने आधी ठरवून सांगावे. फाळक्यांनी शिंदेशाहीच्या इतिहासाची साधने छापली, तेव्हाही घराण्यांच्या दप्तरांतून सगळ्यांनाच गौरवाच्या वाटतील अशा गोष्टी थोड्याच बाहेर आल्या? लढाईतला पळ आपण छापू दिला. आत्याची पोटगी छापायला संकोच का वाटावा?

वेळ मात्र थोडा आहे. लष्करातले जुने वाडे एकेक करून पडत आहेत. मुले पुण्या-मुंबईला, काही परदेशी. वाडा रिकामा करताना भांडी वाटली जातात, सोन्याची वाटणी होते, तांब्या-पितळेला गिऱ्हाईक मिळते. कागदांची पेटी रद्दीत जाते, कारण त्यांतले निम्मे मोडीत असतात आणि मोडी घरात कोणाला येत नाही. त्या पेटीत काय असते? लग्नात मुलीला घातलेल्या दागिन्यांची याद, वजनासकट: गोठ इतक्या तोळ्यांचे, नथ इतक्या मोत्यांची. सराफाच्या चिठ्ठ्या. आहेराच्या याद्या. बाळंतपणाचा खर्च. सासरहून लिहिलेली, कोणाकडून तरी लिहवून घेतलेली, चार ओळींची पत्रे. राजकारणाचा एक शब्द त्यांत नसतो, म्हणून ती बिनमोलाची समजली गेली.

घराघरांतून अशा याद्यांच्या नुसत्या प्रती काढून एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवल्या, मूळ कागद घरातच राहिले, तरी कामाला सुरुवात होईल. इतिहासाच्या आणि मराठीच्या चार विद्यार्थिनींना मोडी शिकवण्याची सोय लागेल. वर्षभर आठवड्याला दोन तास बसल्या तर त्यांना दागिन्यांची याद वाचता येते, ती काही राजनैतिक पत्रासारखी किचकट नसते. शिवाय घरातल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या ज्या आजी अजून आहेत, त्यांना सराफ्यातली कोणती पेढी कोणाची, कोणत्या दुकानात बायका एकट्या जात आणि कोणत्या दुकानात दीर बरोबर लागे, हे अजून तोंडपाठ आहे. त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यायला मोडीही लागत नाही.